हत्ती आजारी आहे म्हणून

२ फेब्रुवारी

ति. मामास,
सा. न.

तुमची वही काल क्लासच्या पत्त्यावर पोचली. मागच्या धड्यात वीसपैकी सतरा. तीन मार्क निव्वळ घाईने गेले. शेवटच्या पानावर मशीनच्या तेलाचा अंगठा उमटला आहे, त्याचेही कापणार होते, पण चौसष्टाव्या वर्षी शिलाई मशीन दुरुस्त करता करता जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर रागावायला मास्तरणीला जमलं नाही.

गेल्या वर्षी तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. नऊ वर्षांत एक ओळ नाही, आणि एकदम 'जपानी मशीन आलं आहे, माहितीपुस्तक वाचायचं आहे, शिकव.' मशीन एव्हाना दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाच्या घरी गेलं असेल. तरी तुम्ही शिकताय, तर मी का विचारू?

आता नवा धडा. यात दोन गोष्टी आहेत, कारण सांगणं आणि विनंती करणं. जपानी माणूस काही मागायच्या आधी नुसतं 'घड्याळ बिघडलं' म्हणून मोकळा होत नाही. तो वाक्याच्या शेवटी 'न् देस्' लावतो. आपल्याकडे 'त्याचं काय आहे' म्हणतो ना, तसं. त्याच्यापुढे बारीकसा 'गा' सोडतो आणि क्षणभर थांबतो. ऐकणाऱ्याला तेवढ्यात अंदाज येतो की आता काहीतरी मागणं येणार. मग विनंती.

तोकेइ गा कोवारेता न् देस् गा, नाओशिते इतादाकेमासेन् का.

त्याचं काय आहे, माझं घड्याळ बिघडलंय... दुरुस्त करून द्याल का?

अशी चार वाक्यं तुमच्या मनाने करून पाठवा. कारण काहीही चालेल.

तुमची भाची,
भिंगरी

ता. क. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून.

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

धडा मिळाला. चार वाक्यं सोबतच्या वहीत आहेत. तू 'कारण काहीही चालेल' म्हणालीस, तर मी मोकळा सुटलो. पहिल्यात माझा हत्ती आजारी आहे, म्हणून डॉक्टरांचा पत्ता मागितला आहे. दुसऱ्यात मशीनला हसू आवरत नाही, म्हणून त्याला गप्प करायला सांगितलं आहे. हत्ती कसा लिहायचा ते शब्दकोशात बघायला अर्धी दुपार गेली, आणि तेवढ्या वेळात दोन बॉबिन केस तशाच पडून राहिल्या.

मजा बाजूला ठेवतो. हा धडा वाचून मी बराच वेळ दुकानात नुसता बसून राहिलो. आपल्या घरात 'त्याचं काय आहे' म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. तुझे आजोबा 'पाणी' एवढंच म्हणायचे. आजी तेवढंही म्हणायची नाही, ती भांडं आदळायची आणि आम्ही ओळखायचं. मी आणि तुझी आई त्याच साच्यातून निघालो. मला आठवतंय तसं मी जन्मात कुणाला 'कराल का' म्हटलेलं नाही. गिऱ्हाइकालाही 'परवा या' एवढंच सांगतो. आणि इथे सगळं तयार आहे. माणसाने फक्त मोकळ्या जागा भरायच्या. मला फार आवडला हा धडा.

तोंडी परीक्षेचं मात्र पुढच्या वेळी बघू. घसा बसला आहे, महिना झाला, उठायचं नाव घेत नाही. शेजारची इस्त्रीवाली म्हणते, तुमचा आवाज न तेल घातलेल्या पायडलसारखा झालाय. माझ्याच धंद्यातली उपमा मला ऐकवते.

तुझा,
मामा

२५ फेब्रुवारी

ति. मामास,
सा. न.

दहापैकी आठ. तुमचा हत्ती मी वर्गात फळ्यावर लिहिला. सगळे पोट धरधरून हसले. आमच्याकडे या वर्षी एक नर्सबाई शिकायला आहेत, परदेशी नोकरीसाठी. बावीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, कशालाच हसत नाहीत. त्याही हसल्या. 'हत्तीला तपासायला टेबल कुठलं आणायचं?' म्हणाल्या.

आता थोडं अवघड. पाच ओळींचा एक प्रसंग लिहा. त्यात कारण हवं, विनंती हवी, आणि ज्याला आजवर काही मागितलेलं नाही अशा कुणाकडे तरी मागा. तोच प्रसंग तोंडी म्हणून, रेकॉर्ड करून पाठवा. घशाची सबब आता बास झाली.

एक विचारू? तुमचं आणि आईचं नक्की काय झालं? आजी गेली तेव्हा माझी परीक्षा होती, मला कुणी काही सांगितलं नाही. आई रोज संध्याकाळी टेबलाच्या पलीकडे बसून माझ्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा सरळ करून देते. तुमच्या वहीला तेलाचा वास येतो, म्हणून ती मी क्लासमध्येच ठेवते. वास ओळखेल ती. मला हे लपवणं जड जायला लागलं आहे.

तुमची,
भिंगरी

८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तो विषय नको.

प्रसंग वहीत लिहिला आहे. पाचाच्या सहा ओळी झाल्या. एक शब्द तुझ्या धड्यात नव्हता, तो मोठ्या शब्दकोशातून काढला. रेकॉर्डिंग इस्त्रीवालीच्या मोबाइलवरून तुला पाठवलं आहे. अकरा वेळा केलं, तेव्हा एक बरं आलं.

तपासून लवकर पाठव. लवकर म्हणजे लवकर.

मामा

१६ मार्च

ति. मामास,
सा. न.

वार्षिक परीक्षांमुळे आठवडा गेला, रागावू नका. शाबास! दहापैकी नऊ! वहीत लाल शाईने केलंच आहे, तरी ओळीओळीने सांगते.

'माझी मोठी बहीण माझ्याशी बोलत नाही.' बरोबर. 'त्याचं काय आहे, अठ्ठावीस तारखेला माझ्या कंठाची शस्त्रक्रिया आहे.' वाक्य बरोबर, पण कंठाला तुम्ही शोधून काढलेला तो डॉक्टरी शब्द आपल्या पातळीवर नको. साधा 'घसा' पुरे. 'त्यानंतर मला आवाज राहणार नाही.' अगदी बरोबर. 'सोबत कोण आहे, असं डॉक्टर विचारतात.' इथे एक अक्षर राहिलं, त्याचा मार्क गेला. 'तिला एक गोष्ट माझ्या तोंडाने सांगायची आहे.' बरोबर. आणि शेवटची, 'तिला एकदा येऊन जायला सांगाल का?' ही तर मी वर्गाला नमुना म्हणून दाखवणार आहे.

बहीण वाक्यात आली, ते मी ओळखलं. बरं वाटलं. तुमच्या मनात ती आहे, एवढं तरी कळलं. पण मामा, कारण पुन्हा हत्तीच्याच जातीचं! एवढं मोठं दुखणं काढलंत की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही. विनंतीत ती जागा ठेवायची असते. एकदा खरं कारण लिहून बघा. कदाचित ते इतकं मोठं नसेल, आणि तरी पुरेल.

रेकॉर्डिंग ऐकलं. उच्चार चांगले आहेत. आवाज फारच घोगरा येतोय आणि दोनदा मध्येच थांबलात. कोमट पाणी पीत जा.

तुमची,
भिंगरी

२३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर मिळालं. समजलं. लाल शाईत दिलंस ते बरं केलंस, तोंडावर 'नाही' म्हणण्यापेक्षा ते सोपं असतं. तुझी आई येणार नाही हे मला ठाऊकच होतं. मी विचारून पाहिलं एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, त्याचे दहापैकी नऊ मिळाले, हे काही कमी नाही.

तू खरं कारण मागितलंस. ते मराठीत लिहितो, कारण त्याला माझं जपानी पुरणार नाही.

तुझी आजी शेवटची आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, चार दिवस. मी तिथूनच एका माणसाच्या हाती तुझ्या आईला निरोपाची चिठ्ठी पाठवली, 'ताबडतोब ये.' बस. दुसरा शब्द नाही. आता तू म्हणशील, कारण का नाही दिलं? त्याआधीच्या दोन वर्षांत मी तिला तसाच निरोप सात-आठ वेळा पाठवला होता. कपाट आवरायचं आहे, ये. आई जेवत नाही, ये. ती धापा टाकत यायची आणि इथे काहीच नसायचं. या वेळी तिला वाटलं, असेल नेहमीचंच. तुझी परीक्षा संपवून ती पाचव्या दिवशी आली. घर धुऊन झालं होतं. दारातच तिने विचारलं, 'आई आजारी आहे हे का सांगितलं नाहीस?' मी म्हणालो, 'बोलावलं होतं ना.'

एवढंच बोलणं झालं आमचं. ती उंबऱ्यावरून परत गेली.

खरं म्हणजे मी निरोपाचा कागद घेऊन बसलो होतो. 'आई जाणार' असं लिहायला घेतलं आणि हात चालेना. लिहिलं की ते खरं झालं असतं. हे मला तिला सांगायचं होतं, माझ्या तोंडाने, तोंड आहे तोवर. आता राहू दे. तेव्हा मी कारण न देता बोलावलं, आता कारण देऊन बोलावलं. दोन्ही वेळा ती आली नाही, तर दोष कारणाचा नसावा.

दुकान काही दिवस बंद राहील. हा धडा इथेच थांबवू. तू चांगली शिकवतेस.

तुझा,
मामा

३१ मार्च

ति. मामास,

मायना पुढे सुचत नाही. हे पत्र आई स्वतः तुमच्या हातात देईल. तिच्या पिशवीत ठेवते आहे.

मामा, मला कळलं नव्हतं. आईला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने नाही म्हटलेलं नाही, तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही. ते माझ्यापाशी थांबलं.

काल वर्गात मी तुमच्या सहा ओळी फळ्यावर लिहिल्या. म्हटलं, जोड्या करा, एकाने मामा व्हायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. सगळे बोलायला लागले. नर्सबाई तशाच बसल्या होत्या, पेनाचं टोपणसुद्धा न काढता. मी विचारलं, अवघड आहे का? त्या म्हणाल्या, 'बाई, हे कुणी लिहिलंय?' मी म्हटलं, तेच, हत्तीवाले. त्या म्हणाल्या, 'हा कंठाचा शब्द आम्ही पाठ करतो त्या जपानी दवाखान्याच्या फॉर्मवर असतो. नाटक करणारा माणूस नुसता घसा लिहितो. हा शब्द शोधायला माणसाला कारण लागतं. आली का हो ती बहीण?'

मी फळ्यावरची तारीख वाचली. ती दोन दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

वर्ग तसाच सोडून ऑफिसात आले, तर टेबलावर तुमचं पत्र. इस्त्रीवालीच्या मोबाइलवर फोन केला. ती म्हणाली, अठ्ठाविसालाच झालं, बरे आहेत, बोलत नाहीत. बोलत नाहीत, हे तिने इतकं सहज सांगितलं.

मी तुमच्या शब्दावर लाल रेघ मारली. 'साधा घसा पुरे' असं लिहिलं. कोमट पाणी प्यायला सांगितलं. मी मास्तरीण म्हणून वाचलं, भाची म्हणून वाचलंच नाही. तुम्ही सहा ओळींत सगळं सांगितलं होतं आणि मी त्यात हरवलेलं अक्षर शोधत बसले.

घरी गेले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या करत होती. तुमची वही तिच्यापुढे ठेवली. उघडायच्या आधी तिने ती नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं, सहा ओळी मराठीत वाचून दाखवल्या, तुमचं पत्र दिलं. राहिलेल्या घड्या तिने शेवटच्या रुमालापर्यंत पूर्ण केल्या. मग त्याच गठ्ठ्यातले स्वतःचे चार कपडे उचलले आणि पिशवीत भरले. 'पहिली गाडी कितीची आहे?' एवढंच विचारलं.

मला क्षमा कराल का? कारण देत नाही. माझ्याकडे जे आहे ते कारण म्हणून चालणार नाही.

तुमची,
भिंगरी

५ एप्रिल

चि. भिंगरीस,

पोचले. दूध बंद कर, दोन खिडक्या नीट लाव, गच्चीचं दार फुगलंय ते ओढून घे.

तुझं पत्र त्याला दिलं. त्याने ते तीनदा वाचलं. मग पेनाकडे बोट केलं, आणि तू शेवटी विचारलं आहेस त्या प्रश्नाखाली रेघ मारून बाजूला लिहिलं, 'दहापैकी दहा.' तेव्हा आता रडत बसू नकोस. वर्ग सुरू आहेत ना? जा.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. चार खाटा, त्याची खिडकीशी. मी आत आले तेव्हा पाठमोरा बसला होता. खांदे आमच्या बाबांसारखे झालेत. मी 'ठोंब्या' म्हणून हाक मारली. लहानपणी मी त्याला तशीच हाक मारायची, तुला माहीत नसेल. वळला. गळ्याला भोक पाडलंय, त्यावर जाळीचं फडकं बांधलंय. श्वास तिथून येतो, त्याचा बारीक आवाज होतो. माझ्याकडे बघत राहिला, मग उशाजवळची पाटी घेऊन लिहिलं, 'कशाला आलीस?' असाच आहे तो. मी म्हटलं, 'तू बोलावलंस म्हणून.'

यावर तो रडला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा घाबरून नर्सला हाक मारायला लागला.

संमतीचा कागद पायथ्याशी फायलीत लावलेला असतो. मी तो वाचला. सही इस्त्रीवालीची आहे, आणि नात्याच्या रकान्यात 'शेजारीण'. ती बाई चांगली आहे. रोज येते, त्याचे कपडे कडक इस्त्री करून आणते, जसं काही त्याला कुठे कार्याला जायचं आहे. मी तिचे हात हातात घेतले. पण तो रकाना माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिथे 'बहीण' हवं होतं. माझ्या जागेवर दुसऱ्या बाईने सही केली, आणि ती जागा मी नऊ वर्षं रिकामी ठेवली होती.

त्याला जे सांगायचं होतं ते त्याने दोन दिवस पाटीवर लिहिलं. पाटी लहान, चार ओळींत भरते. मी वाचायची, मान हलवायची, तो पुसायचा. व्हरांडा, डॉक्टर, निरोपाचा कागद. तुला लिहिलेल्या पत्रात होतं ते सगळं पुन्हा लिहिलं. मी वाचलंय म्हटलं तरी लिहिलं. मला वाटायचं, हा ज्या दिवशी कबूल करेल त्या दिवशी मी त्याला असं काही बोलेन की याद राखेल. सगळं तोंडपाठ होतं. काही बोलले नाही. मी बोलायचं आणि त्याने पाटी पुसायची, हे भांडण झालं का? आणि खरं सांगू, त्या वेळी मीही उलटून विचारलं नव्हतं, 'का रे, काय झालं?' एवढे चार शब्द. त्याने सांगितलं नाही हे खरं, मी विचारलं नाही हेही खरं. हे मी त्याला मोठ्याने सांगितलं. त्याने पाटी खाली ठेवली. माझा हात धरून बसला.

काल इस्त्रीवालीने एक सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला आत न्यायला आले, तेव्हाही तो काहीतरी परक्या भाषेत पुटपुटत होता. पुन्हा पुन्हा तेच. नर्स म्हणाली, आता गप्प राहा. तरी आणखी एकदा म्हणाला, आणि मग आत गेला. मी त्याला विचारलं, काय म्हणत होतास? त्याने लिहिलं, 'सहावी ओळ. उच्चार चुकायला नको म्हणून.'

तुझ्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे म्हणालीस. इस्त्रीवालीच्या मोबाइलमधलं पुसलं गेलंय.

तुला मी आजवर चिठ्ठ्याच लिहिल्या. हे घे, ते आण, दार लाव. आता पाटी मांडीवर घेऊन तो बघतोय आणि वाक्य कसं करायचं ते मला दाखवतोय. आधी कारण, मग जरा थांबायचं, मग मागायचं. चुकलं तर सांभाळून घे.

त्याचं काय आहे, नऊ वर्षं मी माझ्या भावाचा आवाज ऐकलेला नाही, आणि आता तो फक्त तुझ्याकडे आहे...

त्यातलं एक अक्षर मला कळणार नाही. तरी पाठवशील का?

तुझी,
आई